युनिक आयडीचं पॅकेज सांभाळायला घेताना

एखाद्या मेंटेनरने (पॅकेज सांभाळणाऱ्याने) आपलं यूयूआयडीचं, म्हणजे पुन्हा न येणारे आयडी बनवणारं, पॅकेज तुमच्याकडे सोपवलं, किंवा तुम्ही बरेच दिवस पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेले बदल) पाठवत होतात आणि एक दिवस रिलीजचे हक्क हाती आले. कोड उघडून पाहिल्यावर बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो तो हा, की एवढ्याशा कोडमध्ये सांभाळायचं काय? सोळा रँडम बाइट घ्यायचे, दोन ठिकाणचे बिट बदलायचे, मधे चार हायफन घालून स्ट्रिंग परत द्यायची. संपलं काम.

खरी अडचण इथेच आहे. तारखांचं पॅकेज चुकलं तर चुकीची तारीख कुणाच्या तरी डोळ्यांना खटकते. आयडीचं पॅकेज चुकलं तरी बाहेर पडणारी स्ट्रिंग अगदी बरोबर दिसते. लांबी बरोबर, हायफन जागच्या जागी, व्हर्जनचा अंकही ठीक. शिवाय बग लक्षात येईपर्यंत ते आयडी लोकांच्या डेटाबेसमध्ये प्रायमरी की, म्हणजे नोंदीची मुख्य ओळख, होऊन बसलेले असतात. नवं व्हर्जन काढून बग मिटवता येतो, पण वाटून झालेले आयडी परत घेता येत नाहीत. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मी एकाच प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा वळणार आहे. हा आयडी वेगळा आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या जोरावर?

पायरी १ : कोडच्या आधी स्पेसिफिकेशन वाचा

यूयूआयडीचं जुनं स्पेसिफिकेशन म्हणजे जुलै २००५ मधलं आरएफसी ४१२२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचा क्रमांक दिलेला दस्तऐवज). मे २०२४ मध्ये त्याची जागा आरएफसी ९५६२ ने घेतली. जुन्या पॅकेजांच्या कॉमेंटमध्ये अजूनही पहिलाच क्रमांक सापडतो. तो दिसला की समजायचं, इथे सहा, सात आणि आठ ही नवी व्हर्जनं कुणी नीट तपासलेली नाहीत.

मांडणी पाठच करून टाका. एकूण १२८ बिट, म्हणजे ३२ हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ). ते ८-४-४-४-१२ असे तोडलेले असतात आणि हायफन धरून ३६ अक्षरं होतात. हायफन सोडून मोजलं तर तेरावा अंक व्हर्जन (आयडी कोणत्या पद्धतीने बनला ते) सांगतो आणि सतरावा व्हेरिअंट (मांडणीचा प्रकार). नेहमीच्या व्हेरिअंटमध्ये हा सतरावा अंक ८, ९, ए किंवा बी यांपैकीच असतो. हे दोन अंक नुसत्या नजरेने वाचायची सवय लावून घ्या. तक्रारी हाताळताना ती रोज कामी येते.

व्हर्जन एकमध्ये वेळ आणि मशीनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) असतो. ती वेळ १५ ऑक्टोबर १५८२ पासून, म्हणजे ग्रेगोरियन कॅलेंडर सुरू झालं त्या दिवसापासून, १०० नॅनोसेकंदांच्या मापाने मोजतात. मॅक पत्ता आयडीत जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. १९९९ मध्ये मेलिसा व्हायरस लिहिणाऱ्याचा माग काढताना दस्तऐवजात उमटलेला अशाच प्रकारचा आयडी उपयोगी पडला होता. तिथे तो चांगल्या कामी आला, पण सामान्य वापरणाऱ्याचं मशीनही तसंच ओळखता येतं हे विसरू नका. व्हर्जन तीन आणि पाच नावावरून हॅश (ठरावीक लांबीचा आकडा) काढतात, तीनमध्ये एमडी५ आणि पाचमध्ये शा-१. तेच नाव दिलं की तोच आयडी येतो. व्हर्जन चारमध्ये १२२ बिट रँडम असतात. सहा म्हणजे एकचेच भाग क्रमवारी लागेल अशा रीतीने फिरवलेले. सातमध्ये मिलिसेकंदांतली वेळ आणि रँडम बिट असतात, आठ स्वतःच्या खास गरजांसाठी मोकळं ठेवलंय. व्हर्जन दोन बहुतेक पॅकेजं बनवतच नाहीत, तुम्हीही त्यात वेळ घालवू नका.

पायरी २ : रँडम बाइट कुठून येतात ते शेवटपर्यंत शोधा

या पायरीला इतर सगळ्या पायऱ्यांपेक्षा जास्त वेळ द्या. कोडमधलं रँडमचं फंक्शन पकडा आणि ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत त्याचा माग काढा. लिनक्सवर वाट गेटरँडमपर्यंत पोचली पाहिजे, ब्राउझरमध्ये क्रिप्टो डॉट गेटरँडमव्हॅल्यूजपर्यंत. वाटेत मॅथ डॉट रँडमसारखं, अंदाज बांधता येईल असं काही आढळलं तर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते काढा.

हे इतकं ठासून का सांगतोय, ते आकड्यांत पाहा. १२२ बिट खरोखर रँडम असतील आणि तुम्ही दर सेकंदाला १०० कोटी आयडी बनवत राहिलात, तर एखादी तरी जोडी जुळण्याची शक्यता निम्म्यावर यायला सुमारे ८६ वर्षं लागतात. आता तोच कोड, पण रँडम जनरेटर ३२ बिटांच्या बीजावर (सुरुवातीच्या आकड्यावर) चालतोय असं धरा. अशी सुमारे ७७ हजार प्रोसेस सुरू झाल्या की दोन प्रोसेसना एकच बीज मिळण्याची शक्यता निम्मी होते, आणि बीज एक म्हटल्यावर पुढची आयडींची अख्खी माळ एक. स्ट्रिंगची लांबी मात्र दोन्हीकडे तीच, ३६ अक्षरं.

अशी चूक मोठ्या ठिकाणीही होते. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियन या लिनक्स सिस्टीमच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमध्ये एक बदल झाला. त्यामुळे रँडमच्या बीजात बदलणारी गोष्ट जवळपास एकच उरली, प्रोसेसचा क्रमांक, आणि तो फार तर ३२,७६८ पर्यंत जायचा. मे २००८ मध्ये हे जाहीर होईपर्यंत लोक त्या मशीनवर एन्क्रिप्शनच्या की बनवत होते आणि प्रत्येक की दिसायला निर्दोष होती.

मला स्वतःला हा धडा एका चांगल्या हेतूने आलेल्या पुल रिक्वेस्टने दिला. प्रत्येक आयडीसाठी सिस्टीमला हाक मारण्यापेक्षा एकदम ४०९६ बाइट आणून ठेवायचे आणि त्यातले सोळा-सोळा वापरायचे, अशी ती सुधारणा होती. वेग चांगलाच वाढला, सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, मी मर्ज केलं, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतलं. काही दिवसांनी तक्रार आली : सर्व्हर सुरू झाल्यावर पहिल्या काही मिनिटांतच डुप्लिकेट येतात, नंतर सगळं ठीक चालतं. लॉग मागवले. तोच आयडी आठ वेगवेगळ्या वर्करच्या (काम वाटून घेणाऱ्या प्रोसेसच्या) नावाने होता, त्यानंतरचाही तसाच, त्यानंतरचाही. मुख्य प्रोसेस सुरू होताना एक आयडी बनवत होती आणि मग फोर्क करून (स्वतःच्याच प्रती बनवून) आठ वर्कर काढत होती. मेमरीसोबत तो ४०९६ बाइटांचा साठाही आठही जणांकडे जसाच्या तसा गेला. २५६ पैकी एक आयडी वापरून झाला होता, म्हणून उरलेले २५५ आयडी आठही वर्करनी एकाच क्रमाने दिले. साठा संपून नवा भरला की वाटा वेगळ्या होत होत्या, त्यामुळे कुणी निवांतपणे तपासायला बसेपर्यंत बग गायब झालेला असे.

साठा ठेवायचाच असेल तर त्यासोबत प्रोसेसचा क्रमांक नोंदवा आणि तो बदललेला दिसला की साठा फेकून द्या. आम्ही मात्र साठाच काढून टाकला. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेऊन त्याच्या प्रती चालवल्या तरी हाच घोटाळा होतो, आणि तिथे प्रोसेसचा क्रमांकही तोच राहतो. म्हणून माझं मत विचाराल तर रँडम बाइट हातात धरून ठेवायचेच नाहीत. हवे तेव्हा मागायचे.

आणखी एक नियम. सिस्टीमकडून रँडम बाइट मिळाले नाहीत तर एरर द्या. गुपचूप दुसऱ्या, कमकुवत जनरेटरकडे वळू नका. "ॲप बंद पडतं, निदान काहीतरी आयडी तरी द्या" असा आग्रह होईल. बंद पडलेलं ॲप त्याच दिवशी दुरुस्त होतं. डुप्लिकेट की मुळे दोन माणसांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या, तर त्या निस्तरायला किती दिवस जातील ते सांगता येत नाही.

पायरी ३ : खरोखर काही पकडतील अशा टेस्ट लिहा

दहा लाख आयडी बनवायचे आणि डुप्लिकेट नाही हे पाहायचं, ही टेस्ट जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये असते. ती ठेवायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर राहू नका. ३२ बिटांच्या बीजावर चालणारा जनरेटरही ती सहज पास होतो, कारण एका प्रोसेसमध्ये तो स्वतःला पुन्हा भेटतच नाही.

त्याऐवजी बाइटांचा स्रोत बाहेरून देता येईल अशी सोय करा आणि ठरलेले बाइट देऊन नेमका निकाल तपासा. सोळाही बाइट शून्य दिले, तर व्हर्जन चारचा निकाल असाच आला पाहिजे :

००००००००-००००-४०००-८०००-००००००००००००

सातव्या बाइटचे वरचे चार बिट पुसून तिथे ४ बसला आणि नवव्या बाइटचे वरचे दोन बिट एक-शून्य झाले, हे या एका ओळीत दिसतं. मग सगळे बिट एक असलेले बाइट द्या. आता तेरावा अंक ४ आणि सतरावा बी यायला हवा, बाकी सगळीकडे एफ. या दोन टेस्ट मिळून मास्कमधली (बिट पुसून नवे बसवण्यातली) जवळपास प्रत्येक चूक पकडतात. त्यांच्या जोडीला खऱ्या स्रोतातून काही हजार आयडी बनवा आणि १२२ पैकी प्रत्येक मोकळा बिट कधी शून्य, कधी एक होतो का ते पाहा. एखादा बिट कायम अडकलेला असेल तर इथे सापडतो. ज्या भाषेत फोर्क आहे तिथे फोर्कनंतर दोन्हीकडचे आयडी वेगळे निघतात का, याचीही टेस्ट हवीच.

व्हर्जन सातसाठी आरएफसी ९५६२ मध्येच एक तयार उदाहरण दिलंय. त्याची वेळ आहे २२ फेब्रुवारी २०२२, दुपारचे २ वाजून २२ मिनिटं २२ सेकंद, तीही जीएमटीच्या पाच तास मागच्या घड्याळाने. मिलिसेकंदांत १६४५५५७७४२०००. हे उदाहरण लिहिणाऱ्याने तारीख आवडीने निवडली असावी. ते जसंच्या तसं टेस्टमध्ये घ्या.

आयडी वैध आहे का ते तपासणारा व्हॅलिडेटरही विसरू नका. पुष्कळ जुन्या रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये व्हर्जनसाठी १ ते ५ एवढीच मुभा असते, म्हणजे व्हर्जन सातचा अस्सल आयडी तिथे खोटा ठरतो. आणि सगळे शून्य असलेला निल व सगळे एफ असलेला मॅक्स हे दोन्ही व्हर्जन-व्हेरिअंटच्या नियमात बसत नाहीत, तरीही वैध आहेत. त्यांच्यासाठी वेगळी अट लिहावी लागते.

पायरी ४ : व्हर्जन सात आणि घड्याळ

लोक व्हर्जन सात मागतात ते डेटाबेससाठी. व्हर्जन चारचे आयडी इंडेक्समध्ये कुठेही जाऊन पडतात, सातचे साधारण शेवटी रांगेत लागतात, त्यामुळे नोंदी भरायला सोपं जातं. रचना अशी : ४८ बिट वेळ, ४ बिट व्हर्जन, १२ बिट रँडम, २ बिट व्हेरिअंट, पुन्हा ६२ बिट रँडम. ४८ बिटांतली वेळ इसवी सन १०८८९ पर्यंत पुरते, तेव्हा ती चिंता नको.

काळजी घ्यायची ती घड्याळ मागे जाण्याची. सर्व्हरचं घड्याळ नेटवर्कवरून जुळवलं जातं आणि कधी कधी काही मिलिसेकंद मागे येतं. एकाच मिलिसेकंदात अनेक आयडी मागितले तर त्यांचा आपसातला क्रम काय, हा दुसरा प्रश्न. एक सरळ मार्ग म्हणजे शेवटची वापरलेली वेळ लक्षात ठेवायची. घड्याळ त्याच्या मागे असेल किंवा तिथेच असेल, तर तीच वेळ वापरून १२ बिटांचा काउंटर एकने वाढवायचा. काउंटरची सुरुवात शून्यापासून करू नका. रँडम आकड्यापासून करा, पण सर्वांत वरचा बिट सुरुवातीला शून्य ठेवा, म्हणजे वाढायला जागा राहते. तरीही ४०९६ ची मर्यादा ओलांडली तर वेळ एक मिलिसेकंद पुढे ढकला. हे सगळं खऱ्या घड्याळावर तपासता येत नाही, म्हणून घड्याळसुद्धा टेस्टमध्ये बाहेरून देता आलं पाहिजे.

इथे वारंवार दिसणाऱ्या दोन चुका सांगतो. मिलिसेकंदांच्या जागी सेकंद भरले जातात, मग आयडी उलगडल्यावर तारीख जानेवारी १९७० निघते. आणि काही भाषांत बिट सरकवण्याची क्रिया ३२ बिटांवरच चालते, तिथे ४८ बिटांच्या वेळेचा वरचा भाग कापला जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

रीडमीमध्ये (पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये) दोन गोष्टी स्पष्ट लिहा. क्रमाची हमी एका प्रोसेसपुरतीच आहे. आणि आयडी पाहणाऱ्या कुणालाही तो केव्हा बनला हे कळतं. एखाद्याचं खातं कधी उघडलं हे लपवायचं असेल तर व्हर्जन सात त्या जागी योग्य नाही.

पायरी ५ : "डुप्लिकेट आला" ही तक्रार कशी हाताळायची

ही तक्रार येणारच. दहा वेळा कारण भलतंच निघालं म्हणून अकरावी वेळ झटकून टाकू नका, वर सांगितलेला माझा बग असाच एका साध्या तक्रारीतून सापडला.

पहिल्यांदा खरा आयडी मागा, वर्णन नको. तेरावा अंक पाहा. तुमचं फंक्शन व्हर्जन चार बनवतं आणि तिथे १ किंवा ५ असेल, तर आयडी दुसरीकडून आलाय. सात असेल तर पहिले बारा हेक्स अंक वेळेत उलगडा आणि ती वेळ तक्रारीतल्या वेळेशी ताडून पाहा. मग विचारा : दोन्ही वेळा आयडी वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये बनला का? फोर्क, कंटेनर, स्नॅपशॉट यांतलं काही आहे का? तीच विनंती पुन्हा पाठवली गेली असेल का? माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळा कारण हेच निघालंय, की आयडी एकदाच बनला आणि नोंद दोनदा गेली. ब्राउझरकडून आलेले आयडी असतील तर शोधयंत्रांच्या क्रॉलरचीही चौकशी करा. काही क्रॉलर पान चालवताना रँडमही ठरावीकच देतात, त्यामुळे त्यांच्याकडून तोच आयडी पुन्हा पुन्हा येतो.

आयडी वेगळाच दिसतोय, पहिल्या तीन गटांतले बाइट उलटे आहेत, अशी तक्रार आली तर ती बाइटांच्या क्रमाची भानगड आहे. मायक्रोसॉफ्टच्या जीयूआयडीमध्ये (यूयूआयडीचंच त्यांच्याकडचं नाव) पहिले तीन भाग मेमरीत उलट क्रमाने ठेवले जातात. त्यासाठी वेगळं फंक्शन द्या, मूळ फंक्शनला हात लावू नका.

पायरी ६ : छोटा आयडी मागणाऱ्यांना आकडे दाखवा

"३६ अक्षरं फार होतात, आठ अक्षरांचा आयडी द्या" ही मागणी दर काही आठवड्यांनी येते. नुसतं नाही म्हणू नका, गणित मांडा. लहान-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं. आठ जागा म्हटल्या तर साधारण २१८ लाख कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड वाटतं, पण सुमारे २१ लाख आयडी झाले की कुठेतरी टक्कर होण्याची शक्यता १ टक्का होते आणि पावणेदोन कोटींच्या आसपास ती निम्म्यावर जाते. समोरच्याच्या नोंदी पाच हजार असतील तर त्याला चालेल. तो निर्णय त्याने आकडे पाहून घ्यावा.

अशी सुविधा द्यायची ठरलीच तर एक सापळा ओळखून ठेवा. बाइटला ६२ ने भागून बाकी घेतली की काम झालं, असं वाटतं. पण बाइटच्या किमती २५६ असतात, आणि २५६ म्हणजे ६२ चार वेळा अधिक ८. त्यामुळे पहिल्या आठ चिन्हांना पाच-पाच संधी मिळतात आणि उरलेल्या ५४ ना चार-चार. ती आठ चिन्हं २५ टक्के जास्त वेळा येतात. उपाय सोपा आहे : बाइट २४८ किंवा त्याहून मोठा आला तर तो टाकून द्या आणि दुसरा घ्या.

आयडी हाच पासवर्ड म्हणून, म्हणजे लिंक ज्याच्याकडे त्याला प्रवेश, असा वापर करणारेही भेटतील. त्यांना सांगा की ओळख पटवण्यासाठी आयडी आणि गुपितासाठी टोकन, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आरएफसीसुद्धा आयडी अंदाजाने सापडणार नाही असं धरून चालू नका, असंच सांगतं.

पायरी ७ : रिलीज आणि चाव्या

सिमँटिक व्हर्जनिंग (बदल किती मोठा ते व्हर्जनच्या क्रमांकातून सांगण्याची पद्धत) पाळा, पण इथे मोडणारा बदल कशाला म्हणायचं ते नीट ठरवा. फंक्शनचं नाव तेच आहे आणि आउटपुट मोठ्या अक्षरांत येऊ लागलं, तर तो मोठा बदल आहे, कारण लोक स्ट्रिंग थेट ताडून पाहतात. पार्सर जास्त कडक केला, तोही मोठा. मुख्य फंक्शन व्हर्जन चारऐवजी सात देऊ लागलं, तर तो सगळ्यात मोठा, कारण वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्या आयडींमधून वेळ बाहेर पडायला लागते. चेंजलॉगमध्ये असे बदल अगदी वर, साध्या भाषेत लिहा.

डिपेंडन्सी, म्हणजे आपलं पॅकेज ज्यांवर अवलंबून आहे ती इतर पॅकेजं, शून्यावर आणा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारावरून काढलं गेलं आणि असंख्य प्रोजेक्टचे बिल्ड कोसळले. तुमचं पॅकेजही त्याच जातीचं आहे, छोटं आणि सगळ्यांच्या पोटात. रिलीजच्या खात्याला टू-फॅक्टर लावा, रिलीज आपल्या लॅपटॉपवरून न करता टॅग टाकल्यावर आपोआप होऊ द्या. हक्क असलेला दुसरा माणूस असू द्या, पण त्याचं काम बराच काळ पाहिल्यानंतरच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये जो चोरदरवाजा सापडला, तो आणणाऱ्याने आधी दोनेक वर्षं उपयोगी काम करून मेंटेनरचा विश्वास मिळवला होता. म्हणून रँडमच्या स्रोताला स्पर्श करणारा प्रत्येक बदल दोघांनी वाचल्याशिवाय मर्ज होणार नाही, असा नियम रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्येच लावून टाका. ओळखीच्या माणसालाही तो लागू राहतो, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण उरत नाही.

हे सगळं लावून झालं की रीडमी उघडा आणि वरच्या बाजूला एक परिच्छेद लिहा : या पॅकेजची गरज कुणाला नाही. पायथनमध्ये यूयूआयडी मॉड्यूल २.५ पासून आहे आणि ३.१४ पासून व्हर्जन सातही आहे. नोडमध्ये १४.१७ पासून व्हर्जन चार आयता मिळतो. ब्राउझरमध्येही मिळतो, फक्त पान एचटीटीपीएसवर हवं. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये व्हर्जन चार १३ पासून आणि सात १८ पासून आहे. ज्याचं काम तेवढ्याने भागतं त्याला तिकडेच पाठवा, आणि ही यादी प्रत्येक मोठ्या रिलीजच्या वेळी पुन्हा तपासा.